भट्टीवर वाळत घातलेला बेस

२२ जून २०२५

आज बेस आला, म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. कुरिअरवाल्याने लांबलचक खोकं बेकरीच्या फळीवर ठेवलं तेव्हा नथूने विचारलं, "मालक, मयताची पेटी हाय का काय?" नथू आमचा भट्टीवाला. हात सोन्याचा, पण तोंडाला लगाम नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्या मापाची नाही, भट्टीकडे बघ.

सत्यम म्हणतो, वाजवणाऱ्याने डायरी ठेवावी. काय वाजवलं, कुठे चुकलं, लिहून काढावं. सत्यम आमच्या बँडचा गिटारवाला आणि गाणारा. तळेगावच्या एका कंपनीत नोकरीला आहे, माझ्या निम्म्या वयाचा, मला चाचा म्हणतो. तिसरा राजेंद्र, उर्सेच्या टोलनाक्यावर असतो, ड्रम वाजवतो. आणि मी सरदार तांबोळी, लोणावळ्याच्या गवळीवाड्यातला पाववाला. झाला बँड.

बेस जुन्या धाटणीचा आहे, साठ-सत्तर सालात असायचे तसा. पोट पोकळ, वरची फळी पातळ, रंग मध्ये मधासारखा आणि कडेला काळपट. पोटावर दोन बाजूंना लांबट वळणदार भोकं. हल्लीचे बेस म्हणजे भरीव लाकूड, वीज गेली की मुके. हा विजेशिवायही बोलतो.

लहानपणी अब्बांबरोबर खंडाळ्याच्या एका हॉटेलात पाव टाकायला जायचो. रविवारी दुपारी तिथे बँड असायचा. असाच बेस घेऊन एक माणूस कोपऱ्यात उभा असायचा. त्याच्याकडे कुणी बघत नसे. पण तो थांबला की गाणं खाली बसायचं. तेव्हापासून डोक्यात होतं. पुढे गिटार शिकलो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवली, सगळं केलं. पण या दोन-तीन वर्षांत गिटारमध्ये मजा राहिली नाही. हल्लीच्या तारांत जीवच नसतो. बेसचं तसं नाही, तो थेट छातीत उतरतो.

नजमाने बेस उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "घरात एक पोकळ पोटाचं होतंच. आता दोन झाली." बायको आहे, बोलणारच.

२६ जून

रोज दुपारी पाव उतरले की तासभर वाजवतो. एक युक्ती सापडली. बेस थोडा वर ओढून हनुवटी त्याच्या कडेवर टेकवायची. मग आवाज असा भरून येतो की काय सांगू. कवटीत घुमतो.

सत्यमने बघितलं तर हसायला लागला. "चाचा, व्हायोलिन समजलात का?" मी म्हटलं, तू तुझी गिटार वाजव, तिला तर आवाजच नाही. तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "बरं."

५ जुलै

तुंगार्लीच्या रिसॉर्टवर आज पहिला कार्यक्रम. छपराखालची गच्ची, भुशी धरणावर भिजून आलेली माणसं, कांदाभजी आणि आम्ही तिघे. जुनी गाणी वाजवली. एक म्हातारं जोडपं उठून नाचलं. मॅनेजर खूश झाला, म्हणाला दर शनिवारी या. सीझनभर चांगलं झालं तर हिवाळ्यातही ठेवू.

परत येताना राजेंद्र म्हणाला, "सरदारभाई, आज लोकं तुमच्याकडंच बगत व्हती. त्यो बेस हायेच तसा देखणा." खरं सांगायचं तर गाडीत डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर पाव भाजले. पाव वाईट नाहीत, पाव खाऊनच मोठा झालो. पण गावात कुणी विचारलं की सरदार कोण, तर पाववाला म्हणायच्या आधी बेसवाला म्हणावं, एवढं एक मला हवं आहे. बाकी अल्लाने सगळं दिलं.

९ जुलै

घरातल्या बायकांचं काहीतरी चाललं आहे. नजमाला हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागली आहे. काय म्हणालीस विचारलं की म्हणते, काही नाही. फलक फोनवर कुजबुजते. फलक आमची एकुलती एक, पुण्याला कॉलेजला आहे, शनिवार-रविवारी घरी येते, मध्येच सुट्टी मिळाली तरी येते. आज दोघी स्वयंपाकघरात बोलत होत्या, मी गेलो तर गप्प झाल्या. पोरीचं कुणाशी जुळलंय की काय? सत्यम तर नाही? चांगला मुलगा आहे, पण आपली माणसं काय म्हणतील, त्याची काय म्हणतील. माझ्याशी बोलावं तरी. मी काय वाघ आहे का.

नथूवरही आज भडकलो. गिऱ्हाइकासमोर माझ्या खांद्याला धरून कानाशी ओरडला, "मालक, टोस जळत्यात!" चार माणसांत मालकाशी असं बोलतात? त्याला सांगितलं, पुन्हा आवाज चढवलास तर घरी बस. तो खाली मान घालून म्हणाला, "व्हय." बिचाऱ्याचं तोंड पडलं. संध्याकाळी त्याला खारीचा पुडा दिला.

यंदा पावसात पाखरं नाहीत. दरवर्षी मागच्या आंब्यावर नुसता कालवा असतो. झाडं तोडतात, बंगले बांधतात, पाखरं तरी कुठे राहणार.

१२ जुलै

रिसॉर्ट. बरं झालं. शेवटच्या गाण्यात राजेंद्रचं काहीतरी बिनसलं, तो लवकर थांबला आणि मी एकटाच वाजवत राहिलो. लोकांना वाटलं मुद्दाम आहे, टाळ्या पडल्या. राजेंद्रला म्हटलं, गाणं संपलेलं नसताना काय थांबतोस? तो म्हणाला, "चुकलं माझं." नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारी माणसं असतात, हा निदान कबूल तरी करतो.

१९ जुलै

आजचा दिवस वाईट गेला.

बेसचा आवाज बसला आहे. आठ दिवस झाले, कळत होतं, पण आज खात्री पटली. तार छेडली की आधी जो टणका यायचा तो येत नाही, नुसता ढब आवाज. म्हणून स्पीकर थोडा मोठा केला. तरी तेच. आणखी मोठा केला. पोकळ बेसची एक खोड असते. स्पीकर फार वाढवला की त्याच्या पोटातली हवाच घुमायला लागते आणि हात न लावता बेस आपोआप हंबरतो. तसं झालं. मला ते कळायला वेळ लागला. समोर बघतो तर एक बाई पोराच्या कानांवर हात ठेवून उभ्या होत्या. मॅनेजर आला आणि त्याने स्वतः स्पीकरचा खटका बंद केला. मला विचारलंही नाही.

उरलेली गाणी सत्यम आणि राजेंद्रने वाजवली. मी बेस गळ्यात अडकवून उभा होतो. राजेंद्र हल्ली ड्रम वाजवताना मान अशी जोरजोरात हलवतो, माझ्याकडे बघून, की नाटकातला नट वाटावा. आज तर त्याने दोनदा काडीने खूण केली. मला ताल शिकवतो का तो? लग्नांत वाजवायला लागलो तेव्हा हा दूध पीत होता.

२० जुलै

सत्यम मुद्दाम घरी आला. नजमाने चहा केला. तो बराच वेळ कपाकडे बघत बसला. मी म्हटलं, बोल की, काल मॅनेजर काय म्हणाला? पुढच्या शनिवारी नको म्हणाला का?

"तसं नाही चाचा. बोलावलंय. पण..."

"पण काय?"

त्याने नजमाकडे बघितलं, नजमाने खिडकीकडे. मग तो जरा मोठ्याने म्हणाला, "बेसमध्ये दमट हवा गेली असणार. पोकळ लाकूड आहे ना. लोणावळ्याचा पाऊस. त्यामुळे आवाज बसला असेल."

मला एवढं हलकं वाटलं की मी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्याकडे जुलैत मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, दारं फुगून बसतात, मग पातळ लाकडाचा बेस काय कोरडा राहणार? माझ्या डोक्यात कसं आलं नाही. सत्यम मात्र चहा अर्धा टाकून गेला. कामाची घाई असेल.

२१ जुलै

देहूरोडला रतनकडे बेस घेऊन गेलो. रतनचं कँटोन्मेंटच्या बाजूला वाद्यांच्या दुरुस्तीचं दुकान आहे, मिलिटरीच्या बँडचं काम त्याच्याकडे येतं. त्याने तारा छेडल्या, पोटात बॅटरी मारून बघितलं, तारांखालची घोडी जरा सरकवली.

"ह्याला कायबी झालं न्हाई," तो म्हणाला. "लय गोड बोलतोय."

मी म्हटलं, दमट हवा शिरली आहे, आवाज बसलाय.

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुमाला बसल्यासारका येतोय ऐकू?"

"मग काय तर."

त्याने बेस माझ्याकडे परत दिला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा ढोल पुढे ओढला. ज्याचं काम ढोल-ताशांचं, त्याला पोकळ बेसमधलं काय कळणार. येताना ठरवलं, आपला इलाज आपणच करायचा.

२२ जुलै

इलाज केला.

भट्टीच्या वर आमचा माळा आहे. खाली रात्रंदिवस विस्तव, म्हणून वर भर पावसातही कोरडं ठणठणीत असतं. अब्बांच्या काळापासून गल्लीतली माणसं जुलैत ओले कपडे इथे आणून टाकतात. गोधड्या, पोरांचे युनिफॉर्म, बूट. मागे एका मास्तरांनी परीक्षेचे भिजलेले पेपर वाळवून नेले होते. मुक्ताबाईंची गोधडी तर दरवर्षी इथेच मुक्कामाला असते. मी तीच बाजूला सारून खाली जाड पोतं घातलं आणि त्यावर बेस आडवा ठेवला, पोट भट्टीच्या बाजूला. टोस जसे दुसऱ्यांदा भाजून कोरडे करतात, तसंच. शनिवारपर्यंत त्याच्यातला सगळा ओलावा निघून जाईल.

फलक घरी आहे. मी माळ्यावर होतो तेव्हा ती जिन्यात येऊन काहीतरी म्हणाली. जेवायला बोलवत असणार. मी हात हलवला, येतो म्हणून. खाली आलो तर जेवण तयारच नव्हतं.

२४ जुलै

माळ्यावर जाऊन हात लावून बघितला. छान गरम आणि कोरडा झाला आहे. नथू खालून वर बघत होता. त्याला म्हटलं, बघ, शनिवारी कसा बोलतो ते. तो म्हणाला, "मालक, लाकूड हाय त्ये." मी म्हटलं, मला माहीत आहे रे, लोखंड नाही ते.

२६ जुलै

दुपारी चार वाजता सत्यम आणि राजेंद्र गाडी घेऊन आले. मी माळ्यावरून बेस आणला. आणताना हलका लागला, मला वाटलं ओलावा गेला. खाली उजेडात आणला तेव्हा दिसलं. वरच्या फळीला भोकापासून खालपर्यंत सरळ चीर पडली होती, नख जाईल एवढी. मागच्या बाजूचा सांधा सुटला होता. मानेचं बूड हललं होतं. तारा सैल होऊन लोंबत होत्या. मी मान धरली तर ती हातात थोडी पुढे आली, आणि मी ती तशीच धरून उभा राहिलो, सोडली तर तुटेल म्हणून.

राजेंद्र म्हणाला, "आरं द्येवा."

मला वाटलं होतं मी रडेन. रडला सत्यम. पिठाच्या पोत्यावर बसून, तोंड झाकून, लहान पोरासारखा. मला कळेना. बेस माझा, मोडला मी, आणि रडतोय हा. मी म्हटलं, अरे, होतं असं, तू कशाला रडतोस?

तो उठून अगदी समोर आला. माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश बोलला, म्हणून प्रत्येक शब्द पोचला.

"चाचा, बेसला काही झालं नव्हतं. दमट हवेचं मी खोटं बोललो. तुम्ही मागे पडत होता. गाणं संपलं तरी वाजवत होता. मी काय गातोय ते तुम्हाला ऐकूच जात नव्हतं. त्या दिवशी तेच सांगायला आलो होतो. जीभ रेटली नाही."

नथू भट्टीत बघत होता. राजेंद्र दारात बघत होता. दोघांपैकी एकानेही विचारलं नाही, की सत्यम, हे काय बोलतोस.

मी म्हटलं, जा तुम्ही, उशीर होईल.

२८ जुलै

काही लिहायचं नाही.

१ ऑगस्ट

चार दिवस मी एकच विचार करतो आहे. सत्यमला माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यायची असेल. म्हणून त्याने हे रचलं. तरुण पोरं अशीच असतात. म्हाताऱ्याला बाहेर काढायचं तर काहीतरी कारण पाहिजे.

हे लिहून वाचलं. मलाच पटलं नाही.

३ ऑगस्ट

नजमाला आज समोर बसवलं. म्हटलं, खरं सांग, मला कमी ऐकू येतं का?

ती म्हणाली, "तीन वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"किती वेळा सांगितलं. दरवेळी तुम्ही म्हणायचात, तू पुटपुटतेस. डॉक्टरचं नाव काढलं की ताट बाजूला सारायचात. मग मीच सोडून दिलं. म्हटलं, माणूस खूश आहे, बेस आणलाय, वाजवतोय. राहू दे."

फलक भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "अब्बा, मी त्या दिवशी जिन्यातून ओरडून सांगितलं होतं. इथे ठेवू नका, लाकूड तडकेल. तुम्ही हात हलवलात. मला वाटलं, उचलताय."

मी तिला म्हटलं, तुझं कुणाशी जुळलं आहे असं मला वाटलं होतं. म्हणून तुम्ही दोघी कुजबुजता. ती म्हणाली, "आम्ही कधीच कुजबुजत नव्हतो." मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. नजमाने तिला जवळ घेतलं. मी त्या दोघींकडे बघत बसलो. आंब्यावर पाखरं आहेत का, हेही विचारायचं होतं. विचारलं नाही.

सगळ्यांना माहीत होतं. घराला, बेकरीला, देहूरोडच्या रतनला, रिसॉर्टच्या मॅनेजरला. सगळे मला सांभाळून घेत होते. राजेंद्र मान हलवून ताल सांगत होता आणि मी त्याला नाटक्या म्हणत होतो. लाज वाटते. रागही येतो. जास्त काय येतं ते सांगता येत नाही.

७ ऑगस्ट

तळेगावला कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन घातले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी दोन-चार वेळा दाबलं. नंतर बराच वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडे मुलगी मशीनशी काहीतरी करत होती. मी वाट बघत राहिलो. वाटलं, मशीन बिघडलं असेल. शेवटी हाताने खूण करून विचारलं, सुरू कधी करणार?

ती आत आली, माझ्या कानांवरचे हेडफोन हलकेच काढले आणि म्हणाली, "काका, संपलं."

डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली. डावीकडून निघते आणि घाटासारखी खाली उतरत जाते. वरचे, बारीक आवाज जवळजवळ गेलेत. खालचे, जाडे आवाज अजून थोडे आहेत, पण तेही उतरायला लागले आहेत. नस कमजोर झाली की परत भरत नाही. कणीक मळायचं मशीन, जुन्या ऑर्केस्ट्राचे स्पीकर, काहीही कारण असेल. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं बरंच कळेल. गाण्याचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "त्याची फार आशा धरू नका."

म्हणजे गिटारचा जीव गेला नव्हता. बेस मला का आवडला तेही आज कळलं. माझ्यात तेवढंच शिल्लक होतं.

१६ ऑगस्ट

जोडून सुट्ट्या आल्या, लोणावळ्यात मुंगीला वाट नाही. रिसॉर्टवर कार्यक्रम आहे. सत्यमने सकाळी येऊन विचारलं, तळेगावचा एक मुलगा आहे, कीबोर्डवर बेस वाजवतो, त्याला नेऊ का? नाही म्हणालात तर नेणार नाही. मी म्हटलं, ने. तो म्हणाला, फक्त सीझनपुरता. मी म्हटलं, बरं.

दिवसभर पाव विकले. मुंबईची गाडी थांबली, एका माणसाने विचारलं, इथला फेमस पाववाला कोण? गल्लीतल्या पोरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पाव बांधून दिले. त्याने पैसे देताना काहीतरी म्हटलं, मी हसून मान हलवली. चांगलंच म्हणाला असणार.

संध्याकाळी त्यांची गाडी निघायच्या वेळेला मी आत जाऊन बसलो. फार वाईट वाटलं. एवढं वाईट अब्बा गेले तेव्हा वाटलं होतं.

४ सप्टेंबर

यंत्रं आली. दोन्ही कानांत. नजमा म्हणाली, "ऐकू येतं का?" आणि मी दचकलो. तिचा आवाज माझ्या लक्षात होता त्याहून म्हातारा झाला आहे. तिला सांगितलं नाही.

पिशवीचा आवाज सुरीसारखा येतो. नळ, चपला, नथूचा खोकला, सगळं कडकडीत. मागच्या आंब्याखाली जाऊन उभा राहिलो. पाखरं आहेत. बरीच आहेत. यंत्रातून ती पत्र्यावर खिळे टाकल्यासारखी वाजतात, पण आहेत.

मग फोनवर एक गाणं लावून बघितलं. पत्र्याच्या डब्यात कोण रडतंय तेच कळेना. यंत्रं काढली आणि गाणं बंद केलं.

२८ सप्टेंबर

रतनने बेस जोडून दिला. राजेंद्रने मला न विचारताच तो देहूरोडला नेऊन टाकला होता. चीर सरसाने भरली आहे, जवळून बघितली तर काळी रेघ दिसते. मागचा सांधा बसवला, मान घट्ट केली.

आज बेकरीत सगळ्यांसमोर वाजवला. कानांत यंत्रं नव्हती, हनुवटी टेकवली होती. छातीत येतं ते आलं. पण ते आधीसारखं होतं की नव्हतं, मला सांगता येईना. आधीचं म्हणजे तरी काय, ते मी नीट ऐकलं होतं कुठे.

म्हणून विचारलं.

राजेंद्र म्हणाला, "पैल्यावानीच हाय, सरदारभाई. काय फरक न्हाई."

सत्यम म्हणाला, "एकदम पहिल्यासारखा, चाचा."

नजमाने मान हलवली. नथू म्हणाला, "झ्याक."

मी सगळ्यांचे आभार मानले, चहा मागवला. आणि चहा पिताना एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. ही माणसं मला जीव लावून आहेत. म्हणूनच यांचं काहीच खरं मानता येत नाही. दमट हवेचंही असंच सांगितलं होतं, इतकंच प्रेमाने. कान गेले ते गेले. पण आता जन्मभर मी काहीही वाजवलं तरी ही सगळी छान छान म्हणणार, आणि मला कधी कळणार नाही.

बेस आत ठेवला.

५ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. सत्यम येऊन गेला, दिवाळीनंतर परत या म्हणतो, सोपी गाणी घेऊ, मी समोर उभा राहून खुणा करीन. त्याच्या मनात काळंबेरं नाही, हे आता मला पक्कं माहीत आहे. मी म्हटलं, बघू. बेसला हात लावला नाही.

१२ ऑक्टोबर

रविवार. फलक घरी. दुपारी ती आतून बेस घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, वाजवा. मी म्हटलं, कशाला? तू पण म्हणशील पहिल्यासारखा. ती समोर जमिनीवर बसली.

वाजवला. चारही तारा, सावकाश, खालून वर. ती डोकं कलतं करून ऐकत होती. मग माझ्या तोंडाकडे बघून, स्वच्छ, सावकाश म्हणाली:

"नाही, अब्बा. पहिल्यासारखा नाही वाजत."

मी थांबलो.

"चिरेपाशी किरकिर येते. जाड्या तारेवर नाही, तिच्या शेजारच्या. आणि तुम्ही ती तार दाबताना बोट उशिरा उचलता. आधीही उचलायचात."

"आधीही?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

नजमा दारात आली होती. तिने पोरीला डोळ्यांनी दटावलं, मी बघितलं. मी नजमाला म्हटलं, राहू दे, तिला बोलू दे. काय आवाजात बोललो कुणास ठाऊक. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला ऐकणाऱ्यासारखं वागवलं.

घोडी जरा सरकवली, तार उतरवून पुन्हा लावली, वाजवली.

"अजून येते," फलक म्हणाली.

खाली कागदाची घडी घालून बघितली.

"अजून येते."

संध्याकाळी नथू पाव उतरवायला बोलवायला आला तेव्हाही आम्ही तसेच बसलो होतो, मी वाजवत आणि ती नाही म्हणत.